बिनलग्नाचं तळं

माणसांना प्रश्न विचारायचा मला एकदा जो वीट आला, तो अजून गेलेला नाही. हल्ली मी भिलाईतल्या हुडको वसाहतीत मुलाकडे असते. दारावर कुणी माहिती विचारायला उभं राहिलं की मुलगा मला पुढे करतो, कारण मी आलेल्या माणसाला खुर्ची देते, पाणी देते आणि त्यानं विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकते. मला त्याच्या पायांची दया येते. उन्हातान्हात लोकांच्या दारात उभं राहून ‘घरात माणसं किती’ विचारायचं काम मी केलेलं आहे. त्यात आधी पाय दुखतात की आधी जीभ, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

त्या वेळी रशियाच्या मदतीनं भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. वडील दुर्ग स्टेशनात मालधक्क्यावर क्लार्क होते. आम्ही मूळचे नागपूरकडचे, पण माझं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरात गेलं आणि क्वार्टरामागच्या छत्तीसगढी पोरींत खेळून त्यांची बोली मला आपसूक आली होती. बी.ए. होऊन मी घरी बसले होते. लग्न जमत नव्हतं. रंग, उंची, नाक, प्रत्येकाचं एकेक कारण सांगून झालं होतं. अशात विद्यापीठातले एक प्राध्यापक वडिलांच्या ओळखीनं घरी आले. कारखान्यात जमिनी गेलेल्या गावांचं ते संशोधन करणार होते आणि बायकांशी बोलू शकेल अशी मुलगी त्यांना हवी होती. मी लगेच हो म्हटलं. बघायला येणाऱ्यांसाठी पोहे करत बसण्यापेक्षा हे बरं, एवढाच माझा विचार होता.

वडिलांना ते पसंत नव्हतं. “कावून जाऊन राहिली वं तू तिकडं?” ते रोज सकाळी विचारत. “दिवसभर उन्हात फिरते, संध्याकाळी तोंड उतरवून येते. लोकाईले इचारून इचारून काय भेटते तुले? मले तं काही समजत नाही.”

खरं सांगायचं तर मलाही समजत नव्हतं. पण वडिलांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. मी डबा घेऊन पॅसेंजर पकडायची आणि भिलाईला उतरून पायी निघायची.

प्राध्यापकांना आम्ही सर म्हणत असू. वर्ध्याकडचे, सडपातळ, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग असलेले. त्यांच्या डोक्यात एक वेड होतं. ते म्हणत, “गावावर संशोधन करायचं नाही, गावाबरोबर करायचं. आपले प्रश्न घेऊन जायचे नाहीत. त्यांचा प्रश्न काय आहे तो विचारायचा आणि त्याच्या मागे लागायचं.” आता हे सगळेच बोलतात, ऐकून कान किटतात. तेव्हा विद्यापीठात त्यांना यावरून हसत असत. मीही मनात हसले होते, कारण ‘तुमचा प्रश्न काय’ हाही शेवटी प्रश्नच.

आमच्या वाट्याला आलेलं गाव कारखान्याच्या कुंपणातून उठून रुळांच्या पलीकडे नवीन बसवलेलं होतं. मातीची घरं ओळीनं उभी होती. झाड एक नाही. जुनी जागा तारेच्या आत गेली होती आणि त्याबरोबर जुनं तळंही. नव्या वस्तीच्या कडेला एक भला मोठा खड्डा होता. रेल्वेच्या फाट्यासाठी भराव घालायला ठेकेदारानं तिथून माती काढली होती. पावसाळ्यात तो भरला आणि भरलेलाच राहिला. गुरं तिथं पाणी पीत, बायका भांडी घासत.

पहिल्या बैठकीला माणसं आली, पण सगळी भिंतीला टेकून, डोळे मिटत. शेवटी एक जण म्हणाला, पटवारी येऊन गेला, मोजणीवाले येऊन गेले, डासांचं औषध मारणारे येऊन गेले, सगळ्यांनी घरात किती माणसं ते विचारलं. तुम्हीही विचारून घ्या नि जा. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, “मी विचारणार नाही. तुम्ही विचारा. तुमचा काय प्रश्न असेल त्याचं उत्तर आपण मिळून शोधू.”

  मग एका घराच्या दारातून, आत टाकलेल्या खाटेवरून, बाईचा खणखणीत आवाज आला. “ए तरिया के ददा कोन ए?”

या तळ्याचा बाप कोण?

सगळी बैठक जागी झाली. सर माझ्याकडे बघायला लागले. मी भाषांतर केलं, तरी ते बघतच राहिले. मग माणसांनी समजावून सांगितलं, आणि एरवी ‘हो’ ‘नाही’च्या पुढे न बोलणारी माणसं त्या दिवशी एकमेकांचं बोलणं तोडून बोलली.

तिकडे तळं नुसतं खणून भागत नाही. त्याचं लग्न लावावं लागतं. मधोमध लाकडाचा खांब रोवतात, तो नवरा. तळं नवरी. ज्यानं तळं खणवलं तो नवरीचा बाप, आणि तो बायकोला शेजारी घेऊन कन्यादान करतो. त्यानंतर ते पाणी शुभकार्याला आणि मयताला चालतं. कुणी मेलं की दहा दिवस घरचे, भावकीचे, शेजारचे तळ्यावर जाऊन अंघोळ करतात आणि मेलेल्याला ओंजळीनं पाणी देतात. बिनलग्नाच्या तळ्यात जो पहिल्यांदा असं पाणी देईल, त्याच्या घराला मेलेल्याची तहान लागते, असं त्या गावात मानत. ही तहान म्हणजे लेकरं सुकत जातात, गाई आटतात.

“मग गावातल्याच कुणी जोडप्यानं लावून टाका की लग्न,” सर म्हणाले.

यावर एका म्हाताऱ्यानं जे उत्तर दिलं ते मला फार पटलं. दुसऱ्याची पोर आपण परस्पर कशी देऊन टाकायची? आमची शेतं आमच्या मागे दुसऱ्यानंच देऊन टाकली ना? उद्या बाप आला, म्हणाला हा खड्डा माझा, मला बुजवायचा आहे, तर आम्ही खांबाला मिठी मारून बसायचं का? ज्याचं असेल त्यानं चारचौघांत यावं, हात लावावा आणि म्हणावं, दिलं.

खाटेवरची म्हातारी पुन्हा आतून ओरडली. तरियाचं लग्न होत नाही तोवर मी मरणार नाही, मरायचं तर माझं पाणी कुठं देणार? “मैं कइसे मरहूं?” असं ती अगदी व्यवहारानं विचारत होती. सर खूश झाले. परतताना ते पायाखाली न बघता चालत होते. मी मात्र दिवसभराची उपाशी होते आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता.

म्हातारीशी आणि तिच्या सुनेशी माझी ओळख तिथून वाढली. म्हातारीचे पाय गेले होते, जीभ शाबूत होती. मुलगा कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड कामाचा मजूर, पाळ्या बदलत्या. सगळं ओझं सुनेवर. ती दिवसा ठेकेदाराकडे माती वाहायला जायची. तिकडे अशा बायकांना रेजा म्हणतात. त्या खड्ड्यातली मातीही तिनं आणि गावच्या बायकांनीच डोक्यावरून वाहिलेली होती. संध्याकाळी येऊन ती म्हातारीला उचलायची, धुवायची, भरवायची, शिव्या ऐकायची. दोन लेकरं होती. तिला मी कधी पाय पसरून बसलेली पाहिली नाही. भिंतीला खांदा टेकून उभ्या उभ्या ती डोळे मिटायची, तेवढाच तिचा आराम.

एकदा भांडी घासता घासता ती मला म्हणाली की, कधी कधी वाटतं मेली तर सुटेन. मग लगेच भीती वाटते, आत्ताच मेली तर पाणी कुठं देऊ? दोन्ही वाटतं नि झोप लागत नाही.  मी तिच्या हातातली परात घेतली आणि राखेनं घासायला लागले.

म्हातारी मला नोनी म्हणायची, म्हणजे पोरी. माझं लग्न झालेलं नाही हे कळल्यावर तर तिला चेवच आला. “तहूं कुंवारी, तरियो कुंवारी,” तूही बिनलग्नाची नि तळंही, असं म्हणून ती बोळक्या तोंडानं हसायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायची. पहिल्यांदा मला राग आला. मग सवय झाली.

मग आम्ही बापाच्या शोधाला लागलो. सर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, मधल्या काळात खेटे घालायचं काम माझं. कारखान्याच्या जमीन खात्यात गेले, तर ते म्हणाले खड्डा रुळांच्या कामाचा आहे. रुळांच्या कामावाले म्हणाले माती ठेकेदारानं काढली. ठेकेदार बिल घेऊन केव्हाच दुसरीकडे गेला होता. त्याचा मुकादम हथखोजकडे एका कामावर सापडला. तो म्हणाला, बाई, आम्ही माती नेली, खड्डा नेला नाही, खड्डा सरकारचा. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. एका साहेबानं तर मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या टेबलाला डोळा मारून म्हणाला, “खोदणारं यंत्र रूसी होतं का बघा. मग बाप रूसी.” सगळं ऑफिस हसलं. मी चहा तसाच ठेवून उठले. बाहेर आल्यावर वाईट वाटलं ते चहाचंच, कारण सकाळपासून काही पोटात नव्हतं.

गंमत म्हणजे रूसी साहेब बाप झाला तर चालेल का, हे मी गावात खरंच विचारलं. म्हातारीनं विचार केला. बायको सोबत असेल तर चालेल, म्हणाली.

याच काळात सरांनी एक चूक केली. असे खड्डे खणताना मधे मातीचा एक खुंट तसाच सोडतात, किती खोल खणलं ते मोजता यावं म्हणून. उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि आमच्या खड्ड्यातला खुंट वर आला. सर नेमके तेव्हा आले. लांबून पाण्याच्या मधोमध तो खांब बघून त्यांचा चेहरा उजळला. ते जवळजवळ धावतच वस्तीत शिरले आणि म्हणाले, अभिनंदन, लग्न लागलं म्हणायचं! बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हातारीला सांगितलं तेव्हा तिला हसून ठसका लागला आणि सुनेला पळत येऊन पाठ चोळावी लागली. “मराठी गुरुजीनं पोरीचं लग्न चिखलाच्या ढेकळाशी लावलं,” असं गावात पुढे कितीतरी दिवस चाललं होतं. सर स्वतःही हसले, पण परतताना पाय ओढत चालत होते. मला वाटतं त्यांनाही थकवा यायला लागला होता. विद्यापीठात त्यांना विचारत होते की, हे कसलं संशोधन, यातून निघणार काय.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते उगाच नाही. शेवटी बाप मिळाला, तर तो बिनलग्नाचा निघाला.

रुळांच्या कामावर एक तरुण इंजिनिअर होता, अकोल्याचा. खड्ड्याची मापं त्यानंच घेतली होती. मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून तो मला टाळत नसे. मी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो हसला नाही. त्याच्या वरिष्ठांशी बोलून तो परत आला आणि म्हणाला, “बुजवायचा काही इचार नाही हाय खड्डा. मी येऊन सांगून देतो गाववाल्याईले. हात लावून ‘दिलं’ म्हणायचं, एवढंच ना?”

तो खरंच आला. चौकड्यांचा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन. गाव जमलं. म्हातारीची खाट बाहेर आणली. तिनं त्याला जवळ बोलावलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तोर गोसइन कहां हे?” तुझी बायको कुठाय?

तो लाजला. “माझं अजून लग्न नाही झालं,” म्हणाला.

नारळ घेऊन तो तसाच उभा. कन्यादान जोडीनं करतात, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं, कारण त्याला बायको असेल असंच मी धरून चालले होते. गावानं मात्र हिरमोड करून घेतला नाही. बाप सापडला होता ना, मग बायको आणणं काय कठीण? आणि मग हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. एका फेऱ्यात दोन कुंवारी उजवल्या जातील, असा तिचा हिशेब होता.

ही गोष्ट मी घरी सांगितली, हसण्यासाठी. आई हसली नाही. “पोरगा कसा हाय?” तिनं विचारलं. “गोत्र इचारलं का?” वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ज्या गावात मी कावून जाते हे त्यांना कळत नव्हतं, तिथं मी का जाते ते त्यांना एका क्षणात कळलं. मला इतका संताप आला की मी जेवले नाही. इकडे गाव, तिकडे घर, आणि मधे मी, कुणाच्या तरी तळ्यासाठी नि कुणाच्या तरी अब्रूसाठी बोहल्यावर चढवली जाणारी. बरं, त्या बिचाऱ्या इंजिनिअरचं अमरावतीच्या मुलीशी आधीच ठरलेलं होतं. ते कळल्यावर आई दोन दिवस माझ्याशीच बोलली नाही.

त्याचं लग्न माघात होतं. बायकोला घेऊन अक्तीला येतो, असा शब्द त्यानं दिला. अक्ती म्हणजे आपली अक्षय तृतीया. तिकडे तो लग्नांचा मोठा दिवस. गावानं खांबासाठी चांगलं सरळ लाकूड आणून म्हातारीच्या दारात ठेवलं. ती त्यावर रोज हात फिरवायची. आता रोज मोजून जेवते, असं सून सांगायची. औषधही मुकाट्यानं घ्यायला लागली होती. पुढे ती जोडी आली, कन्यादान झालं, लग्न रीतसर लागलं. पण म्हातारी ते बघायला नव्हती.

ती फागुन सरता सरता गेली. दुपारी. सून कामावर होती, मुलगा पाळीवर, लेकरं बाहेर. इतके दिवस मरणार नाही, मरणार नाही म्हणून सगळ्या गावाला वेठीला धरणारी बाई, कुणी बघत नाही अशी वेळ साधून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सून दारात त्या लाकडावर बसली होती. बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. “मोला बताइस घलो नइ,” ती म्हणाली. मला सांगितलंसुद्धा नाही. ती रडत नव्हती. भांडणात ऐन वेळी समोरचा उठून गेल्यावर माणूस बसतो, तशी बसली होती.

अक्तीला अजून अवकाश होता आणि सुतकात लग्न लागत नाही. म्हणजे पाणी द्यायचं तर नदीवर. शिवनाथ नदी दुर्गच्याही पलीकडे. पुरुष एका ट्रकच्या मागे बसून गेले, मुंडन करून आले. रोजचं पाणी द्यायला ते सायकली काढत. बायकांना ट्रकही नाही नि सायकलही नाही. पहिल्या दिवशी त्या पहाटे निघाल्या, ओल्या लुगड्यांनी उन्हात परत आल्या. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर चालले. कडेवर लेकरं, डोक्यावर ऊन, रस्ताभर कारखान्याच्या ट्रकांची धूळ. परतताना एक बाई वाटेत बसली ती उठेना, तिला दोघींनी धरून आणलं. आणि पाणी दहा दिवस द्यायचं होतं.

पुढच्या सकाळी आम्ही पुन्हा निघालो. वस्ती संपते तिथून वाट खड्ड्याच्या काठाकाठानं जाते. सून पुढे होती. घरची सून म्हणून पहिलं पाणी तिचं. अर्ध्या काठावर ती थांबली. आम्हाला वाटलं पायात काटा गेला असेल.

“मैं नइ जांव,” ती म्हणाली. “मैं थक गे हंव.”

मी जात नाही. मी थकले आहे. म्हातारीची एक धाकटी जाऊ बरोबर होती, ती ओरडली, “बइही हो गे हस का?” वेडी झालीस का?

“हव,” सून म्हणाली. हो. मग ती आवाज न चढवता बोलली. ही माती मी वाहिली आहे, माझ्या डोक्यावरून गेली आहे. बाप यायचा तेव्हा येईल. आणि वर बघून, जणू म्हातारी अजून खाटेवरच आहे अशा सुरात, “दाई, गुस्सा झन होबे.” आई, रागावू नकोस.

असं म्हणून ती उतरली. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. धाडसी माणसाचा चेहरा तसा नसतो. रेजा दिवसाची शेवटची पाटी टाकून वळते, तसा तिचा चेहरा होता. कमरेइतक्या पाण्यात जाऊन ती उभी राहिली आणि तिनं ओंजळ भरली. पण ती सोडली नाही. ती थांबली होती.

काठावर कुणी हललं नाही. सगळ्यांना माहीत होतं, ओंजळ सुटली की तहान तिच्या घराला लागणार. तिच्या दोन लेकरांना. त्यातली धाकटी पोर माझ्या पदराला धरून उभी होती. बायका पाण्याकडे बघत होत्या, मग एकमेकींकडे. आणि मग ती जाऊ माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

“नोनी, तैं तो सबला पूछे हस. तिहीं बता. चलही का?”

तू तर सगळ्यांना विचारलं आहेस. तूच सांग. चालेल का?

सरांची पहिली शिकवण हीच होती, की आपण निवाडे द्यायचे नाहीत. गाव काय मानतं ते समजून घ्यायचं, मानायचं की नाही ते गाव ठरवेल. आणि गाव माझ्याकडे बघत होतं. मला त्या तळ्याबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं तिथं उभ्या असलेल्या कुणाला नसेल. कोणत्या म्हाताऱ्यानं काय सांगितलं, अहिवाऱ्याकडच्या कुठल्या गावात असं पाणी दिलं गेलं नि तिथं पुढे काय झालं म्हणतात, सगळं. त्यातलं काही तेव्हा आठवलं नाही. पाण्यातली बाई माझ्याकडे बघतही नव्हती. तिच्या ओंजळीतून पाणी गळत होतं आणि ती पुन्हा भरत होती. मला तिचा कळवळा आला, आणि स्वतःचाही आला, आणि हे सगळं आता कुणीतरी संपवावं असं फार फार वाटलं.

“चलही,” मी म्हणाले.

म्हटलं खरं, पण कोरड्यात उभं राहून ते म्हणणं मला सहन होईना. मी पोरीचा हात जावेच्या हातात दिला, चपला काढल्या आणि तशीच उतरले. तळ चिखलाचा होता, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. तहान लागायचीच असेल तर आमच्या क्वार्टरालाही लागू दे, वाटून लागू दे, असं मी मनात म्हणाले. त्यावर माझा विश्वास होता की नव्हता, कोण जाणे. भीती मात्र खरीखुरी वाटली. मागून पाण्याचा आवाज आला. जाऊ लेकराला कडेवर घेऊन, पुटपुटत, देवाला आणि आम्हाला दोघांनाही बोल लावत उतरत होती. मग तिच्यामागून बाकीच्या.

सुनेनं ओंजळ सोडली. पाणी देताना नातं म्हणतात. तिनं सास म्हटलं, जावेनं जेठानी म्हटलं, कुणी काकी, कुणी मामी. माझी पाळी आली नि मी अडले. मी कोण लागत होते तिची? विद्यापीठातर्फे आलेली बाई?

“नतनिन अस,” सून माझ्याकडे न बघताच म्हणाली. नात आहेस.

मी ओंजळ भरली. रडू आलं ते शोकानं कमी आणि शिणानं जास्त, पण आलं, आणि सगळ्याच ओल्या असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. इतके महिने मी त्या म्हातारीपाशी बसून नुसती विचारत आणि घेत आले होते. तिला काही दिलं ते त्या सकाळी, पहिल्यांदा.